पाईप ऑर्गनला पालिकेचा पैसा द्यावा का?

कोथरूडचा_वाटसरू:
मंडळी, घरात जेवताना रोज यावरून जुंपतीये म्हणून इथे टाकतोय. मुलगी हॅम्बुर्गला असते, तिच्याकडे गेलेलो तेव्हा तिथल्या एल्बफिलहार्मोनी या कॉन्सर्ट हॉलमधे पाईप ऑर्गन (पाईपांमधून हवा सोडून वाजवायचं मोठं वाद्य) ऐकला. ४,७६५ पाईप, त्यातले काही तर प्रेक्षकांच्या इतके जवळ की हात लावून बघता येतो, आणि एकदम खालचा सूर लागला की कानाच्या आधी खुर्चीच्या पाठीतून कळतं. तो हॉल आधी लोकांच्या पैशातल्या ७ कोटी ७० लाख युरोत होणार होता म्हणे, शेवटी ७८ कोटी ९० लाख लागले (म्हणजे हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही), पण गंमत अशी की ऑर्गन मात्र तिथल्याच एका उद्योजकाने २० लाख युरो देऊन बसवलाय. माझं म्हणणं, उद्या पुण्यात खरंच चांगला कॉन्सर्ट हॉल झाला तर ऑर्गन पालिकेनेच घ्यावा, देणगीदाराची वाट बघू नये. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली पालिकेनेच उभं केलं ना? बायको म्हणते आधी गल्लीतले खड्डे बुजवा. खड्ड्यांना पैसे असतात हो, ते बुजत नाहीत हा वेगळा विषय. तुम्हाला काय वाटतं?

घुमारा:
काका, पैसे बाजूला ठेवा, आधी हॉल कुठला ते सांगा. आपली सगळी नाट्यगृहं नाटकासाठी बांधलेली, तिथे शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा म्हणून आवाज सेकंदभरात विरायला लागतो, ऑर्गनला त्याच्या दुप्पट तरी घुमारा लागतो नाहीतर तो कोरडा ठणठणीत वाजतो. म्हणजे एकाच हॉलमधे सकाळी शाळेचं गॅदरिंग, दुपारी नाटक, रात्री ऑर्गन, असं करायला गेलात तर तिन्हीची वाट लागणार. आणि दुसरं म्हणजे एसी. हवा तापली की पाईपचा सूर चढतो, १० अंशांचा फरक पडला तर जवळपास अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा, आणि जिभाळीचे पाईप (ज्यांच्यात धातूची पातळ पट्टी थरथरून सूर निघतो ते) त्या मानाने जागचे फारसे हलत नाहीत, म्हणजे ऑर्गन स्वतःशीच बेसूर. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी एसी लावायचा ही आपली पद्धत तिथे चालायची नाही, बारा महिने तापमान सांभाळावं लागेल. ते बिल कोण भरणार?

पायपेटी:
मी नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करतो, आपला पायाने भाता मारायचा तो. त्याचे सूर पितळी पट्टीचे, हवा आत ओढून वाजणारे, पाईपवाल्याशी त्याचं फक्त लांबचं नातं. पण हवामान दोघांनाही तेच. एप्रिल-मेमधे लाकूड आक्रसतं, भात्याचं चामडं कडक होऊन घडीवर चिरतं आणि मग कितीही पाय मारा दम टिकत नाही. जुलै आला की बोटांखालच्या लाकडी पट्ट्या फुगतात, एखादी दाबली की वर यायचं नाव घेत नाही, भर पदात तो एक सूर भोंग्यासारखा चालू राहतो आणि गायक आपल्याकडे खाऊ की गिळू असा बघतो. माझा एकच डबा आहे म्हणून निभावतं, तिथे हजारो पाईप आणि प्रत्येकाखाली झडप. दुरुस्ती करणारी माणसं आमच्या पायपेटीलाच मिळेनात.
एका सार्वजनिक सभागृहात चांगला ग्रँड पियानो बघितलाय, कव्हर घातलेला आणि कव्हरवर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत. घेताना पैसे होते, नंतर ट्यूनिंगला नव्हते. त्यामुळे घ्यायला माझी हरकत नाही, पण निम्मे पैसे ठेवीत टाका आणि व्याजावर माणूस नेमा. तसं करणार नसाल तर नका घेऊ.

कॅम्पातला_टेनर:
पायपेटी यांना हजार मोदक. चर्चच्या क्वायरमधे (गायकवृंदात) गातो, मुंबईला सेंट थॉमस कॅथीड्रलचा पाईप ऑर्गन ऐकायला मुद्दाम जातो, त्यामुळे मला तर पुण्यात हवाच आहे. पण लंडनचं बघा, रॉयल फेस्टिव्हल हॉलचा ऑर्गन १९५४ चा, ७,८६६ पाईप, हॉलच्या कामासाठी काढला आणि २००७ ला हॉल उघडला तेव्हा जेमतेम एक तृतीयांश परत बसला. बाकीचा बसायला २०१४ उजाडलं. त्यासाठी २३ लाख पौंडांचं आवाहन केलं, त्यात साडेनऊ लाख तिथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या सार्वजनिक निधीतून आले आणि उरलेले गोळा केले. म्हणजे सरकारी की खाजगी असं एक काहीतरी निवडायची गरजच नाही. फक्त पालिकेचा रुपया लागला तर सकाळच्या वेळी शिकणाऱ्या पोरांना तो मोकळा पाहिजे. आत्ता पुण्यात कुणाला शिकायचं असेल तर इलेक्ट्रॉनिकवर शिकतो आणि परीक्षेला खऱ्या ऑर्गनच्या पेडलवर (पायाने वाजवायच्या पट्ट्यांवर) पाय ठेवला की गांगरतो.

कोथरूडचा_वाटसरू:
घुमारा, हॉल फक्त संगीताचाच पाहिजे हे मान्य, बहुउद्देशीय म्हटलं की लग्नं आलीच. ठेवीची कल्पना बायकोलाही पटली, खड्डे म्हणाली नाही आज. नगरसेवकांना पत्र लिहितोय, ट्यूनरचा (सूर लावणाऱ्याचा) पगार बजेटच्या कुठल्या हेडखाली मागायचा?

पायपेटी:
इमारत देखभालीत अजिबात घालू नका, रंगकामात जाईल. स्वतंत्र हेड मागा, आणि चामडं बदलायचा खर्च त्यातच लिहा.