देश सोडायचाय: घर विकून जावं की ठेवून?

पायवाट (धागाकर्ता)
सुरक्षित देशात जायचं ठरलंय. कारणांवर इथे वाद नको. रात्री बाहेर गेलेलं माणूस परत येईपर्यंत ज्याचा डोळा लागत नाही, त्याला कारण विचारू नये. प्रश्न घराचा आहे आणि माझं मत ठाम आहे: जायचं तर विकून जायचं, तेही गिऱ्हाईक दारात उभं आहे तोवर.

युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं, दुकानं, पण सगळेच विकायला निघाल्यावर घेणार कोण? ज्यांनी विकलं त्यांनाही पैसे नेता आले नाहीत, कुटुंबामागे जेमतेम ५० पौंडांच्या आसपास. दोन-तीन वर्षं आधी शहाणपणा केलेले तेवढे सुटले. वेळ आली की घर विकलं जात नाही, ते वेळ यायच्या आधीच विकावं लागतं. कोणाचं वेगळं मत असेल तर मांडा.

आडमुठा
आहे ना वेगळं मत. गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९८२ मध्ये युगांडात जप्त मालमत्ता परत करायचा कायदा झाला. पुढे मुसेवेनी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९९० च्या दशकात तर सरकार स्वतःच म्हणू लागलं की या आणि आपापलं ताब्यात घ्या. ज्यांनी कागद जपले होते त्यांना मिळालं. घाबरून मातीमोल भावात विकलेल्यांना काय मिळालं?

आणि पैसा सुरक्षित असतो हे कोणी सांगितलं? २०१९ मध्ये लेबनॉनच्या बँकांनी खातेदारांचे डॉलर अडवले. आयुष्यभराची पुंजी पडद्यावर आकडा म्हणून दिसायची, हातात यायची नाही. तेव्हा लोक बँकेचे चेक देऊन जमिनी आणि फ्लॅट घेत सुटले होते. म्हणजे पैशातून घरात पळत होते. तुम्ही उलटे निघालात.

पायवाट
वीस वर्षांनी मिळालेलं घर घेऊन काय करू? तोवर मुलं मोठी होऊन त्यांची लग्नं झालेली असतात. सायप्रसमधल्या वरोशाच्या मालकांकडेही कागद आहेतच. १९७४ मध्ये तुर्की सैन्य आलं, तेव्हापासून त्यांची घरं कुंपणाआड आहेत. अलीकडे काही भाग फिरायला खुला झाला, राहायला नाही. कागद जपणं ही सोय आहे, योजना नव्हे. आणि लेबनॉनचे पैसे अडकले ते देशातच ठेवले म्हणून. मी विकून तिथेच ठेवणार आहे असं कुठे म्हटलं?

धोपटमार्गी
+१ पायवाट. नाव भाऊकीचं, भाडं भाडेकऱ्याच्या मर्जीचं आणि गळतीचा फोन तुम्हाला रात्री तीन वाजता. हे सगळं भोगून झालंय. कुलमुखत्यारपत्र ज्याच्या नावे दिलं तो नातेवाईक वर्षभर गोड बोलतो, मग "जरा अडचण होती म्हणून भाडं वापरलं" सुरू होतं. लांबून घर सांभाळता येत नाही.

ताळेबंद
तुमचं इतिहासाचं चालू द्या, पण विकायचं *कधी* यावर कोणीच बोलत नाही, आणि लोक बुडतात ते इथेच. देश सोडायच्या आधी विकलं तर सहसा एकाच देशाचा कर. तिथले करनिवासी (म्हणजे करापुरते तिथले रहिवासी) झाल्यावर विकलं, तर नवा देशही नफ्यात वाटा मागू शकतो. इकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण ती आपोआप होत नाही.

देशादेशात फरक आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया साधारणपणे असं धरतात, की तुम्ही करनिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावाने घर 'घेतलं'. आधीची वाढ त्यांच्या हिशेबात येत नाही. अमेरिकेत तसं नाही, तिथे मूळ खरेदीची किंमत धरतात, तीही खरेदीच्या दिवशीच्या डॉलरच्या दराने. राहत्या घरावर एकट्याला २,५०,००० आणि जोडप्याला मिळून ५,००,००० डॉलरपर्यंतच्या नफ्याची सूट आहे, पण विक्रीआधीच्या ५ वर्षांत किमान २ वर्षं तुम्ही त्या घरात राहिलेले हवे. म्हणजे "तूर्त भाड्याने देऊ, बघू नंतर" म्हणणारा चौथ्या वर्षी ही सूट घालवून बसतो.

म्हणून ठेवा किंवा विका, विमानात बसायच्या महिन्यात नोंदणीकृत मूल्यांककाकडून तारखेसह, फोटोंसह लेखी मूल्यांकन करून घ्या. खरेदीखत, नूतनीकरणाची बिलं, पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा, सगळ्याच्या दोन प्रती. मोठी रक्कम तिकडच्या बँकेत उतरली की पहिला प्रश्न येतो तो "हे पैसे कुठले?" हाच.

सावध ऐका
पण मुळात 'सुरक्षित' म्हणजे काय? जागतिक शांतता निर्देशांकात आइसलँड २००८ पासून पहिला. त्याच आइसलँडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्वालामुखीच्या धोक्यामुळे ग्रिंडाविक गाव रातोरात रिकामं करावं लागलं.

पायवाट
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो! पुढे काय झालं तेही सांगा ना. तिथल्या सरकारने लोकांची घरं विकत घेण्याची योजना आणली, अग्निविम्याच्या मूल्याच्या ९५ टक्के दराने. संकट सगळीकडे येतं. संकटानंतर मागे कोण उभं राहतं, त्याला मी सुरक्षित देश म्हणतो.

सावध ऐका
उभं राहतं, पण कोणाच्या मागे? तुमच्या हातात आत्ता काय आहे, कायमचा निवास की नोकरीचा व्हिसा? अमेरिकेत एच-वन-बी वाल्याची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची, नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. अमीनने ९० दिले होते.

आडमुठा
हा हा, लागलं वर्मी.

ताळेबंद
तुलना टोकाची आहे, इथे कोणी घर जप्त करत नाही. पण मुद्दा बरोबर. तात्पुरत्या व्हिसावर निघालेल्याने परतीचं छप्पर विकू नये. कायमचा निवास हातात पडल्यावर विका.

नवखी
घर विकून तिकडे घर घेतलं की निवास मिळतो ना? ओळखीतला एजंट पोर्तुगालचं सांगत होता.

ताळेबंद
ताई, एजंटला कॅलेंडर दाखवा. पोर्तुगालने घरखरेदीचा रस्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केला, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. ऑस्ट्रेलियात तर एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं तात्पुरत्या व्हिसावाल्यांना जुनं घर घ्यायलाच बंदी घातली, मोजके अपवाद सोडून.

धोपटमार्गी
म्हणजे इकडचं विकून तिकडे भाड्याने. तरी माझं मत तेच. भाड्याच्या घरात निदान झोप लागते.

आडमुठा
पायवाट, एक सांगा. घरात आणखी कोण राहतं? आई-वडील आहेत का? कारण ऑस्ट्रेलियाच्या साध्या पालक व्हिसाची रांग ३० वर्षांच्या वर आहे. पैसे मोजून मिळणाऱ्या दुसऱ्या पालक व्हिसालाही दशकभर थांबावं लागतं. तुमच्या 'सुरक्षित' मध्ये ते धरलेत की नाही?

पायवाट
आई आहे, आणि घर तिच्याच नावावर आहे. तिला तीनदा विचारलं. ती बहिणीकडे राहायला आनंदाने तयार आहे. "तुम्ही गेल्यावर एवढ्या खोल्या झाडत बसू का मी?" असं तीच म्हणाली. विक्रीच्या पैशाचा तिचा हिस्सा वेगळ्या खात्यात तिच्या नावे राहील, त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि हो, व्हिसा कायम निवासाचाच आहे, मंजुरी आलेली आहे. अडून बसलाय तो भाऊ. कधीतरी परत यायची वेळ आली तर काय, हे त्याचं पालुपद.

आडमुठा
भावाला माझा नमस्कार सांगा. आणि त्याला म्हणावं, धाग्यावर ये.