अल्झायमर झालेल्या सासऱ्यांना गाणे ऐकवताना काय सांभाळावे?

लष्करची सून, ग्वाल्हेर (प्रश्न)

माझे सासरे येत्या माघात ८० वर्षांचे होतील. घरात आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. त्यांनी जन्मभर ए. जी. (महालेखापाल) ऑफिसात नोकरी केली, पण त्यांचे खरे घर गाण्यात होते. संगीतज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली येथे ग्वाल्हेरात सुरू झालेल्या माधव संगीत विद्यालयात ते शाळकरी वयापासून शिकले, ग्वाल्हेर घराण्याचे गायक पंडित कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे त्यांनी समोर बसून ऐकले, आणि हजीऱ्याला तानसेनांच्या समाधीपाशी भरणारा डिसेंबरचा तानसेन संगीत समारोह त्यांनी एखादेच वर्ष चुकवला असेल.

चार वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचे निदान झाले. आता ते माझ्या यजमानांना अधूनमधून स्वतःचा धाकटा भाऊ समजतात, मला ओळखत नाहीत, आणि तिन्हीसांजा झाल्या की चाळीस वर्षे राहत असलेल्या याच घरात उभे राहून "मला घरी जायचं आहे" असे म्हणत दाराची कडी चाचपू लागतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या पायांना तेल चोळताना मी सहज एक छोटा ख्याल गुणगुणत होते. मी गाणे शिकलेली नाही, या घरात ऐकून ऐकून जे कानावर बसले तेवढेच मला येते. अप्पांचा हात मांडीवर ताल धरू लागला. मी मनात मात्रा मोजल्या. तीनतालाच्या नवव्या मात्रेला, जिथे खाली (टाळी न देता हात उलटा करण्याची जागा) येते तिथे, त्यांचा तळहात प्रत्येक आवर्तनात न चुकता उलटा होत होता. ज्यांना सकाळी चहा घेतला की नाही हे दहा मिनिटांनी आठवत नाही, त्यांचा हात खाली विसरलेला नाही, हे पाहून मला रडू आले, पण ते समाधानाचे होते.

आता माझ्या अडचणी सांगते. यजमानांना वाटते की गाणे ही औषधासारखी गोष्ट आहे आणि रोज बसवून जुन्या बंदिशी आठवायला लावल्या तर स्मरण परत येईल. ते "हा राग कोणता? अंतरा कसा आहे?" असे विचारतात, आणि अप्पा कधी गप्प होतात, तर कधी चिडून उठतात. दुसरे असे की घरात अप्पांच्या तीस वर्षांपूर्वीच्या बैठकीची एक कॅसेट आहे. ती लावली तेव्हा ते फार अस्वस्थ झाले आणि "हा कोण गातो आहे, त्याने मला का बोलावलं नाही?" असे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ती लावावी की नाही? आणि यंदा त्यांना समारोहाला न्यावे का? ज्यांच्या घरात हे घडले आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त परिचारिका, मुरार

ताई, मी अनेक वर्षे रुग्णसेवा केली आणि नंतर माझ्या आईचे हेच आजारपण सहा वर्षे सांभाळले, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. तुमच्या यजमानांचे मन मला समजते, पण परीक्षा घेणे त्यांनी आजच थांबवावे. अल्झायमरमध्ये मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग लवकर बाधित होतो. हातापायांत आणि गळ्यात मुरलेले कसब त्या मानाने पुष्कळ उशिरा जाते. अप्पांचा तळहात उलटतो तो त्या मुरलेल्या कसबातून. "राग कोणता?" या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना नेमक्या त्या जागेतून काढावे लागते जिथे आता काही सापडत नाही. तिथे पुन्हा पुन्हा रिकामा हात घालायला लावले की माणूस चिडणारच.

गाण्याने स्मरण परत येत नाही. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा या विषयावरचा २०१८ सालचा आढावा असे सांगतो की संगीताची किमान पाच सत्रे झाली तर उदासी आणि वागण्यातल्या एकूण तक्रारी बहुधा कमी होतात, पण आकलनशक्तीवर आणि आक्रमकपणावर फारसा परिणाम होत नाही. त्यातले बहुतेक अभ्यास रुग्ण राहतात अशा संस्थांमधले आहेत, घरातले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. तरीही उदासी कमी होणे ही लहान गोष्ट नाही. ज्या घरात संध्याकाळी कडी वाजते त्या घराला ती फार मोठी वाटते.

माझ्या अनुभवातले सांगते. अस्वस्थपणा सुरू झाल्यावर गाणे लावण्यापेक्षा तो सुरू होण्याच्या अर्धा तास आधी लावावे, दिवे त्याआधीच लावून घ्यावेत, टीव्ही बंद असावा आणि स्वयंपाकघरात कुकर नसावा. वीस मिनिटे पुष्कळ झाली. दिवसभर घरात गाणे वाजत राहिले तर ते त्यांच्या लेखी रस्त्यावरच्या गोंगाटासारखे होते. मोबाइलवर मध्येच लागणाऱ्या जाहिराती फार घाबरवतात, म्हणून गाणी आधी उतरवून ठेवावीत. आईच्या कानात मळ साचला होता आणि आम्ही तीन महिने आवाज वाढवत राहिलो, हे मी आजही विसरलेले नाही. तुम्ही अप्पांचे कान एकदा तपासून घ्या. आंघोळीला आई फार विरोध करत, तेव्हा मी पहिला तांब्या ओतण्याआधी त्यांच्या माहेरची भूपाळी म्हणू लागले, आणि भूपाळी म्हणजे आता पाणी, ही सांगड त्यांच्या शरीराला पंधरा दिवसांत कळली.

अप्पांच्या वागण्यात एक-दोन दिवसांत अचानक फरक पडला, म्हणजे झोप उलटसुलट झाली किंवा भास होऊ लागले, तर तो आजार वाढला असे समजून गाण्यावर विसंबू नका. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा बद्धकोष्ठसुद्धा असे करते. डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यावे. आणि तुम्हाला स्वतःला बोलायला कोणी हवे असेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे.

तंबोरा

मी ग्वाल्हेरातच गाणे शिकवतो. वैद्यकातले मला कळत नाही, म्हणून गाण्यापुरतेच लिहितो.

पहिली गोष्ट पट्टीची, म्हणजे गाण्याचा षड्ज कोणत्या उंचीवर धरायचा त्याची. अप्पा तरुणपणी काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असतील, तर आज त्या पट्टीत तंबोरा लावून त्यांना गायला बसवणे अन्यायाचे आहे. वयाने आवाज उतरतो, वरचा षड्ज लागत नाही, आणि शब्द विसरल्यामुळे नव्हे तर स्वर न लागल्यामुळे गायक गप्प बसतो. घरच्यांना मात्र वाटते की ते विसरले. खालच्या काळी पाचपर्यंत उतरून पाहा. पाच मिनिटे नुसता तंबोरा वाजू द्या आणि काहीही मागू नका.

दुसरी गोष्ट, शब्दांचा हट्ट सोडा. आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीत तराण्याला मोठे स्थान आहे, आणि तराण्यात विसरण्यासारखा अर्थच नसतो. ज्याची नावे आणि नाती हरवली आहेत त्याला "तनन देरे ना" म्हणताना कुठेही अडावे लागत नाही. सरगम आणि लहानपणी घोटलेले पलटे, म्हणजे स्वरांचे सरावाचे पाठ, हेही तसेच. माझ्या गुरुबंधूंच्या वडिलांना बोलणे जवळजवळ राहिले नव्हते, तरी भूप रागातले पलटे ते अखेरच्या वर्षापर्यंत आरोही-अवरोही स्वच्छ म्हणत.

तिसरे, त्यांना गायला सांगू नका. तुम्ही बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, म्हणा आणि समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे थांबा. ज्याने आयुष्यभर समेची वाट पाहिली आहे त्याला ती मोकळी सोडवत नाही. बहुधा ते स्वतःच येऊन समेवर टेकतील. नाही आले तर तुम्ही सम घ्या आणि पुढे चला, जणू काही झालेच नाही. तुम्ही शिकलेल्या नाही याचा संकोच ठेवू नका, कारण आता अप्पांना श्रोता नको आहे, सोबत गाणारे कोणीतरी हवे आहे.

समारोहाच्या रात्रीच्या सभेला नेऊ नये. थंडी, गर्दी आणि ध्वनिक्षेपक हे तिन्ही त्यांना सोसणार नाहीत. समारोहाची सुरुवात सकाळी समाधीपाशी हरिकथा आणि मिलादने (पैगंबरांच्या स्तुतिगानाने) होते. त्या वेळी अर्धा तास नेऊन आणावे, किंवा त्याआधी एखाद्या शांत दुपारी समाधीजवळच्या चिंचेखाली बसवून आणावे.

एक मुलगा, इंदूर

वेगळा अनुभव असावा म्हणून थोडक्यात लिहितो. माझ्या आईला गाण्याचा उपयोग झाला नाही. तिला आवाजच सहन होत नसे आणि ती कानांवर हात ठेवी. आम्ही जवळजवळ वर्षभर प्रयत्न करत राहिलो, कारण गाण्याने सगळ्यांना बरे वाटते असे आम्ही ठिकठिकाणी वाचले होते, आणि तिला का वाटत नाही याचा दोष स्वतःकडे घेत होतो. अखेरीस तिला समाधान मिळाले ते शेंगा सोलण्यात. तुमच्या अप्पांचा हात ताल धरतो आहे, त्यामुळे तुमचा मार्ग योग्यच आहे. पण ज्या दिवशी ते हात मागे घेतील त्या दिवशी गाणे बंद करावे आणि मनाला लावून घेऊ नये.

कॅसेट त्यांच्यासमोर लावू नका. या आजारात स्वतःचा जुना आवाज परका वाटू शकतो, जसा आरशातला चेहरा वाटतो. मात्र ती आत्ताच संगणकावर उतरवून घ्या, कारण जुनी फीत खराब होत जाते. आईच्या आवाजाची आमच्याकडे एकही फीत नाही.

लष्करची सून

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

अप्पांच्या उजव्या कानातून डॉक्टरांनी बराच मळ काढला. संध्याकाळी साडेपाचला आम्ही दिवे लावतो आणि काळी पाचमध्ये तंबोरा सुरू करतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस ते तरीही कडीपाशी जातात. उरलेल्या दिवशी बसून राहतात, आणि काल त्यांनी तराण्याची स्थायी दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा अर्धी. यजमानांनी प्रश्न विचारणे सोडले आहे. ते समोर बसून हाताने ताल देतात. परवा त्यांनी खालीच्या जागी चुकून टाळी दिली, तेव्हा अप्पांनी काही न बोलता त्यांचे मनगट धरले, तळहात उलटा केला आणि पुढच्या समेपर्यंत तसाच हातात धरून ठेवला.

कॅसेट उतरवून घेतली आहे. अप्पा झोपल्यावर भांडी आवरताना मी ती हळू आवाजात लावते. माझे लग्न होऊन या घरात येण्याआधीचा तो आवाज आहे. नणंदेने पुण्याहून मागवली होती, तिलाही पाठवली.