शेतावरच्या रोडगे पार्टीला पहिल्यांदाच जातोय, काय पाळावं?

सातारकर_नवा:
नमस्कार मंडळी. बदली होऊन ऑगस्टमध्ये नागपुरात आलोय. ऑफिसातल्या एकांनी रविवारी कळमेश्वरजवळच्या त्यांच्या शेतावर रोडग्यांना (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) बोलावलंय, "सहकुटुंब या" म्हणाले. मी, बायको, मुलगी धरलीच आहे, पण सध्या मेव्हणाही आलाय, त्याला नेलं तर चालतं का? शिवाय यायचं दहाला आणि जेवण अडीचला! मधले साडेचार तास करायचं काय? हातात संत्री नेऊ का? आणि मला तिखट झेपत नाही, हे सांगितलं तर वाईट दिसेल का?

बर्डीवाला:
कळमेश्वरले संत्री? भाऊ, डिसेंबरात तिकडे बगीचे लदलेले असतात. परत येताना तेच तुमच्या गाडीत थैला टाकतील.

महालची_काकू:
दरवर्षी आमच्याकडे ही पार्टी असते, म्हणून चुलीच्या बाजूनं सांगते.

मेव्हण्याला खुशाल न्या, पण आजच फोन करून सांगा. पोळ्या ऐनवेळी दोन जास्त लाटता येतात, रोडग्यांचं तसं नाही. कणीक घट्ट भिजवा, गोळे करा, गोवऱ्या पेटवून निखारे होऊ द्या, मग त्यात पुरा. निखाऱ्यात जेवढे पुरले तेवढेच पानावर पुरतात. एकदा चार सांगितलेले एक कुटुंब नऊ जण घेऊन आलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर मी आणि माझी जाऊ भातावर उरलेली तर्री घेऊन बसलो. मी रागावले नव्हते. पण अजून आठवतं, म्हणजे रागावलेच असेन. आणि त्याच्या पुढच्या वर्षी एकांनी बारा वाजता मेसेज टाकला, "जमत नाहीये". त्यांच्या रोडग्यांचा गूळ-तूप घालून चुरमा केला, पोरांनी दोन दिवस खाल्ला.

दहाला का बोलावतात म्हणता? अहो, पार्टी म्हणजे तेच साडेचार तास! वांगी चिरा, लसूण सोला. पण खरे हात कमी पडतात ते राख झटकायला. रोडगे राखेनं माखून निघतात, एकेक फडक्यानं पुसून फोडायचा नि तुपात टाकायचा. या कामाला अक्कल लागत नाही, तरी पुरुष मंडळी नेमकी तेव्हाच फोटो काढून राहिलेली असतात. तुम्ही तिथे बसा. भाजीच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, मात्र हात लावू नका, ती ज्याची त्याची इभ्रत असते.

तिखटाचंही त्याच फोनवर सांगा, थोडी भाजी आधीच बाजूला काढता येते. पानावर बसून "बापरे, किती तिखट" म्हणाल तर सगळी पंगत तुमच्यासाठी दही शोधत फिरेल. न्यायचंच असेल तर घरचं तूप न्या, कितीही नेलं तरी कमीच पडतं. तिथे शिजवावं लागेल असं काही नेऊ नका. आणि त्यांनी "येताना सांबार आणा" म्हटलं तर कोथिंबीर न्या, इकडे सांबार म्हणजे तीच.

वांगंप्रेमी:
काकूंच्या यादीत एक राहिलं. जेवून सतरंजीवर आडवे होऊन सहापर्यंत घोरू नका. थंडीत अंधार लवकर पडतो, आणि यजमानांना निखारे विझवून, गंज घासून शहरात परतायचं असतं. एक तर चारला निघा, नाहीतर भांडी गाडीत चढवायला थांबा.

सातारकर_नवा:
फोन केला. मेव्हण्याचं आणि तिखटाचं दोन्ही सांगितलं. हसले नि म्हणाले, "हौ ना, तीन काय अन् चार काय!" उगाच विचारलं असं वाटलं.

महालची_काकू:
म्हणू द्या. कणीक तर आता चौघांची भिजेल ना?