शब्दचर्चा: ‘श्टीफेल’, ‘हाल्बशू’, ‘श्पांगेनशू’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत गेलेल्या एका बालपणाच्या आठवणींचा मी मराठी अनुवाद करते आहे. मुलांच्या पादत्राणांसाठी त्यात ‘श्टीफेल’, ‘हाल्बशू’, ‘श्पांगेनशू’, ‘टुर्नशू’ आणि ‘होल्झपांटीन’ असे वेगवेगळे शब्द येतात. सगळीकडे ‘बूट’ लिहिले, तर ‘श्टीफेल सुटले आणि हाल्बशू मिळाले’ या मुलीच्या आनंदाचे मराठीत ‘बूट सुटले आणि बूट मिळाले’ असे होते. जाणकारांनी कृपया पर्याय सुचवावेत.

उत्तर

यातला मुख्य भेद उंचीचा आहे आणि मराठीतला ‘बूट’ नेमका तोच भेद गिळून टाकतो. इंग्रजीत हा शब्द घोटा झाकणाऱ्या पादत्राणापुरता आहे; आपल्याकडे मात्र पाऊल पुढून बंद करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पादत्राणाला तो लागू झाला. जर्मन ‘श्टीफेल’ घोट्यावर किंवा त्याहून वर जातो, तर ‘हाल्बशू’, म्हणजे शब्दशः अर्धा जोडा, घोट्याच्या खालीच संपतो. (‘श्टीफेल’चे मूळ ज्या लॅटिन शब्दात सांगितले जाते त्याचा अर्थ ‘उन्हाळी’ असा आहे. हिवाळ्यातल्या चिखलाशी आणि बर्फाशी जोडल्या गेलेल्या या शब्दाचा हा प्रवास मला फार विलक्षण वाटतो.)

पहिल्या महायुद्धापूर्वी शाळकरी मुलामुलींच्या पायांत बहुधा ‘श्टीफेल’च असत, कारण वाढत्या वयात घोट्याला घट्ट आधार हवा, अशी पालकांची पक्की समजूत होती. त्यातले दोन प्रकार आपल्या मजकुरात येण्याची शक्यता आहे. नाडीच्या ‘श्न्यूरश्टीफेल’ला खाली धातूच्या कड्या बसवलेली भोके आणि वरच्या भागात बहुधा आकडे असत; त्यामुळे नाडी खाली ओवून ठेवायची आणि वर ती आकड्यांवरून आलटून पालटून गुंडाळून बांधायची, अशी रीत होती. बटणांच्या ‘क्नॉप्फश्टीफेल’ला एका बाजूने लहान गोल बटणांची ओळ असे, आणि ताठ चामड्याच्या काजातून ते बटण बोटांनी निघत नसल्यामुळे वाकड्या टोकाची एक आकडी काजात घालून ते ओढून घ्यावे लागे. १९२० च्या दशकात बटणांचा प्रकार मागे पडला, मुलींमध्ये पट्टीचे हलके जोडे रुळले आणि मुलगेही गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांवर हाल्बशू घालू लागले. हिवाळ्यासाठी आणि अगदी लहान मुलांसाठी मात्र नाडीचे उंच बूट टिकून राहिले. त्या मुलीला झालेला आनंद म्हणजे मोठ्यांसारखे काहीतरी पायांत आल्याचा आनंद आहे.

माझी सूचना अशी, की ‘श्टीफेल’ला ‘घोट्यावरचे बूट’ किंवा ‘उंच बूट’ आणि ‘हाल्बशू’ला ‘जोडे’ म्हणावे. ‘अर्धे बूट’ हे भाषांतर टाळावे. वाचकाला ते फाटके किंवा अपुरे वाटेल.

प्रतिसाद

‘जोडे’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात ‘जोडे मारणे’, ‘जोडे झिजवणे’ हे आधी येते. मुलीच्या कौतुकाच्या वस्तूला तो शब्द जड होईल, असे वाटते. ‘श्पांगेनशू’ला, म्हणजे मुलींच्या पट्टीच्या जोड्यांना, ‘मेरी जेन’ म्हणावे का? इंटरनेटवर खरेदी करणाऱ्यांना तो शब्द ठाऊक आहे.

उत्तर

‘जोडे’बद्दलचा आक्षेप मला पूर्ण पटत नाही. ‘नवे जोडे’ असे विशेषणासह लिहिले, की वाक्प्रचारांतली कटुता नाहीशी होते, आणि या शब्दाला जुन्या काळाची जी छटा आहे ती इथे उपकारकच ठरते. ‘मेरी जेन’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. ते अमेरिकेतल्या ‘बस्टर ब्राउन’ या चित्रमालिकेतील मुलीचे नाव. ही मालिका १९०२ मध्ये सुरू झाली आणि तिथल्या एका पादत्राण कंपनीने १९०४ मध्ये त्यातील पात्रांच्या नावांचे हक्क घेतले. जर्मन मुलीच्या तोंडी ते नाव देणे म्हणजे तिचे बालपण अटलांटिकच्या पलीकडे नेऊन ठेवणे होय. ‘श्पांगे’ म्हणजे अडकवण्याची पट्टी किंवा चाप. केसांच्या चापाला आणि दातांना लावायच्या तारेलाही जर्मनमध्ये हाच शब्द चालतो. म्हणून ‘पट्टीचे बूट’ हा आपल्याकडच्या शाळकरी मुलींनाही कळणारा शब्द इथे चपखल बसतो.

‘टुर्नशू’साठी आजचा ‘स्पोर्ट्स शूज’ हा अर्थ घेऊ नये. ‘टुर्नेन’ म्हणजे व्यायामशाळेतील कसरत. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइडे येथे मैदान उघडल्यापासून हा शब्द जर्मन शिक्षणात रुजला. आपल्या आठवणींच्या काळातला टुर्नशू पातळ तळाचा, हलका, फक्त कसरतीच्या तासाला घालायचा होता. त्याला ‘पीटीचे बूट’ म्हणावे.

‘होल्झपांटीन’ला ‘खडावा’ म्हणण्याचा मोह होईल, पण तो आवरावा, कारण खडावांबरोबर खुंटी, साधू आणि देवघर हे सारे वाचकाच्या डोळ्यांपुढे येते. लाकडी तळ आणि वरून चामड्याचा किंवा कापडाचा पुढा, अशी ती गरिबांच्या मुलांची रोजची वस्तू होती. युद्धकाळात चामड्याची टंचाई झाली तेव्हा लाकडी तळ इतरांच्याही पायांत आले. ‘लाकडी तळाच्या सपाता’ हे लांब असले, तरी खरे आहे.

प्रश्न

मनःपूर्वक आभार. आणखी दोन जागी अडले आहे. आई नेहमी ‘आउफ त्सूवाक्स’ खरेदी करत असे, असे एक वाक्य आहे; आणि एका प्रकरणाच्या शेवटी वडिलांच्या धंद्याबद्दल ‘तो अजून किंडरशूएनमध्ये होता’ असे म्हटले आहे. त्यांचा धंदा लहान मुलांच्या बुटांचा नव्हता.

उत्तर

पहिल्यासाठी मराठीत तयार शब्द आहे: ‘वाढत्या अंगाचे’. कपड्यांइतकाच तो बुटांनाही चालतो. जर्मन माप कसे वाढते हेही लक्षात ठेवावे. तिथले एक माप म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजेच ३० नंबरच्या बुटाचा साचा २० सेंटिमीटरचा. त्यामुळे आईने तीन नंबर मोठे बूट घेतले असे मजकुरात असेल, तर पुढे दोन सेंटिमीटर जागा मोकळी राहिली, हे आपण तळटीप न देता वाक्यातच सांगू शकता. १९२३ च्या चलनवाढीचा आणि १९२९ नंतरच्या मंदीचा तडाखा बसलेल्या घरांत ही काटकसर कंजूषपणाची नव्हती. तळाला खिळे आणि टाचेला लोखंडी नाल ठोकून तेच बूट धाकट्या भावंडापर्यंत पोचवायचे असत. तिथे ‘मोठे बूट’ एवढेच लिहिले, तर ती आई वाचकाला निष्काळजी वाटेल.

दुसरा वाक्प्रचार आहे. ‘इन डेन किंडरशूएन श्टेकेन’, म्हणजे मुलांच्या बुटांत अडकलेले असणे, अर्थात एखादी गोष्ट अजून बाल्यावस्थेत असणे. ‘वडिलांचा धंदा तेव्हा अजून रांगत होता’ असे लिहावे. ज्या प्रकरणात प्रत्यक्ष बुटांचे वर्णन आहे, त्याच्याच शेवटी हे वाक्य येत असेल, तर लेखिकेने तो शब्द जाणूनबुजून निवडला असण्याचा संभव आहे. तसे असल्यास ‘धंद्याला अजून पायांत वाढत्या अंगाचेच बूट होते’ असे धाडस करून पाहावे. प्रकरण दुसऱ्याच विषयाचे असेल, तर ‘रांगत होता’ पुरे.