१५ ओहमचे एलएस३/५ए आणि ८ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प: सम आली की आवाज फाटतो

तानपुरा_ठाणे

नमस्कार मंडळी. लंडनचा मामा तिकडचं घर आवरून कायमचा परत आला आणि त्याचे रॉजर्स कंपनीचे एलएस३/५ए स्पीकर माझ्याकडे आले. मागच्या पट्टीवर १५ ओहम लिहिलंय. दुकानदार म्हणाला, असल्या स्पीकरला व्हॉल्व्हशिवाय (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) काही लावणं म्हणजे पाप. म्हणून ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड ॲम्प घेतला, चॅनेलला ८ वॅट. किंमत सांगत नाही, घरचेही हे वाचतात.

नुसता गळा आणि तानपुरा असला तर अंगावर काटा येतो. अशी जवारी, तारांची ती गुंज, मी घरात कधी ऐकली नव्हती. पण विलंबितात समेवर डग्ग्याची थाप पडली की आवाज फाटतो आणि तान तार सप्तकात गेली की चिरका होतो. खोली १४ बाय ११, मी बसते साधारण ११ फुटांवर. दुकानदार आता म्हणतो, मोठा ॲम्प घ्या. हा परत घेईल, पण निम्म्या किमतीत. काय करू?

साउंडवेडा

वायर कोणती आहे? एकदा चांदीची लावून बघाच. डग्गा एकदम मोकळा होतो, स्वानुभव.

दौऱ्यावरचा

वायर राहू द्या हो, दोन मीटरचा तर प्रश्न आहे.

मी बत्तीस वर्षं नाटकांच्या दौऱ्यांवर साउंड केला. उघड्या मैदानावर भोंग्यांची लाइन टाकायचो तेव्हा ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे वायर जोडायचं टोक, चुकला की मागच्या रांगा शिट्ट्या मारायच्या. ती सवय अजून गेली नाही, म्हणून पहिला प्रश्न तोच. ॲम्पच्या मागे स्पीकरची लाल वायर कुठल्या स्क्रूला आहे? ०, ४, ८ असं काही लिहिलेलं असेल.

तानपुरा_ठाणे

४ वर. दुकानाच्या माणसानेच येऊन लावून दिली होती. शेजारी ८ आणि १६ पण आहे!

दौऱ्यावरचा

सापडला चोर.

वॅट विसरा, व्होल्ट मोजा. ८ वॅट हा आकडा खरा कधी? त्या टोकाला त्याच्यावर लिहिलेल्या ओहमचाच (विजेला होणाऱ्या रोधाचं माप) स्पीकर मिळाला तर. ४ च्या टोकावर ८ वॅट म्हणजे जेमतेम ५.७ व्होल्ट. तेच १६ च्या टोकावर ११.३ व्होल्ट. तुमचा स्पीकर १५ ओहमचा. त्याला ५.७ व्होल्ट दिले तर वॅट होतात दोन आणि वर थोडे. आठचे पैसे मोजून तुम्ही दोन ऐकताय. ढोबळ हिशोब आहे, व्हॉल्व्ह थोडं इकडेतिकडे करतात, पण चित्र हेच.

शिवाय हा स्पीकर खादाड. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रसारणाच्या गाडीत ठेवायला बनवलेला, फूटभर उंचीचा बंद डबा. २.८३ व्होल्ट दिले की मीटरभर अंतरावर ८२-८३ डेसिबल देतो, बस्स. गाडीत माणूस त्याच्या पुढ्यात बसायचा. तुम्ही ११ फुटांवर बसून समेची अपेक्षा करताय.

तर ॲम्प बंद करा, वायर १६ वर न्या, खुर्ची ७ फुटांवर ओढा. टॅपचे ६ डेसिबल फुकट, खुर्चीचे दोन-तीन. ८ वॅटच्या ऐवजी १६ वॅटचा ॲम्प घेतला असतात तर ३ डेसिबल मिळाले असते, आणि तोही ४ वरच लावून दिला असता. आणि तोवर मोठ्याने लावू नका. फाटलेला आवाज ट्वीटरच्या (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जिवावर उठतो, आणि यातला ट्वीटर, केईएफ कंपनीचा टी२७, ती आता बनवत नाही.

मल्टीमीटर

काकांच्या हिशोबाला एक चाचणी जोडतो. नेहमीचं ध्वनिमुद्रण लावा, जास्तीत जास्त जितक्या आवाजात ऐकता तिथे नॉबला पेन्सिलने खूण करा. मग त्याच खुणेवर १२० हर्ट्झचा सूर वाजवा, फुल स्केलच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणात मावणाऱ्या सर्वात मोठ्या पातळीच्या, १२ डेसिबल खाली. स्पीकरच्या वायरी काढून ॲम्पच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा आणि चारने गुणा, १२ डेसिबल म्हणजे व्होल्टची चौपट. तुम्हाला शिखराला लागणारे व्होल्ट ते. ॲम्पला तेवढे जमत नसतील तर फाटणारच.

दौऱ्यावरचा

चाचणी उत्तम, पण वायरी काढू नका!! ट्रान्झिस्टरला चालतं. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पनवेलच्या पुढे एका गावात मी एक घालवलाय, दुसऱ्या अंकाच्या आधी. स्पीकर जोडलेलेच ठेवा, सूर दोन-चार सेकंद भोंगेल, भोंगू दे.

मल्टीमीटर

बरोबर, माझी चूक. माझ्याकडे सगळं ट्रान्झिस्टरवालं आहे.

तानपुरा_ठाणे

केलं. भावाचा मीटर, मोबाइलमधला सूर. १६ च्या टोकावर:

११ फुटांवरच्या खुणेला ३.३ व्होल्ट, चार पट १३.२. म्हणजे ११.३ च्या बाहेर. ७ फुटांवर खूण खाली आली, २.६ व्होल्ट, चार पट १०.४. काठावर, पण आत!

काल रात्री तोच ख्याल लावला. सम आली, फाटली नाही. आई स्वयंपाकघरातून बघून गेली की आज हिने काय बदललं. पण आता डग्गा फुगल्यासारखा वाटतो. «धा» वाजून गेल्यावरही मागे घूं राहतो.

दौऱ्यावरचा

अपेक्षित होतं. १६ च्या टोकाला ॲम्पचा स्वतःचा इम्पिडन्सही (आतला रोध) वाढतो, स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावरची पकड सैल पडते. त्यात या स्पीकरला वरच्या बेसमध्ये मुळातच थोडं पोट आहे, लहान डबा भरदार वाटावा म्हणून. कशावर ठेवलेत?

तानपुरा_ठाणे

टीव्हीच्या कपाटावर. भिंतीला टेकून.

दौऱ्यावरचा

अरे देवा. ते पोट भिंत दुप्पट करते. आधी स्टँडवर घ्या, ट्वीटर कानाच्या उंचीला, भिंतीपासून दोन फूट पुढे. मग ८ चं टोकही ऐकून बघा. पकड सुधारेल, व्होल्ट आठवर येतील. हळू ऐकायला तेच आवडेल कदाचित.

एवढं करूनही पुढे मन भरलं नाही तर दुकानात न जाता जुना क्वाड ३०३ शोधा. १९६७ चा ट्रान्झिस्टर ॲम्प, ८ ओहमवर ४५ वॅट, म्हणजे १९ व्होल्ट. आतले कपॅसिटर बदललेलाच घ्या. आणि एक: त्याच्या इनपुटला अर्धा व्होल्ट आला की पूर्ण जोर येतो. तुमचा डॅक (डिजिटल आवाज ॲम्पला देणारा डबा) किती देतो?

तानपुरा_ठाणे

२ व्होल्ट.

दौऱ्यावरचा

मग चारपट जास्त. आवाज जरा वाढवला की घर हादरेल. मध्ये १२ डेसिबलचा ॲटेन्युएटर टाकायचा, सिग्नल कमी करणारा रेझिस्टरचा साधा डबा, ओळखीचा कुणीही रेडिओवाला करून देईल. पण ते नंतर. आधी स्टँड.

तानपुरा_ठाणे

सध्या दोन स्टुलं लावलीत, एक आईच्या शिलाई मशीनचं. घूं बराच गेला. मामाला फोन केला तर म्हणतो, लोखंडी स्टँड होते की, निघताना शेजाऱ्याला देऊन आलो, कुंड्या ठेवायला.