प्लॅटर्स: दोन रेकॉर्ड, दोन वेगळे आवाज?

राजवाडाकर: इंदूरला काकांच्या घरी प्लॅटर्स या जुन्या अमेरिकन गाणाऱ्या ग्रुपच्या दोन रेकॉर्ड निघाल्या, एक 'ओन्ली यू'वाली आणि एक बरीच नंतरची, पण दोन्हीत मेन गाणारा वेगळाच वाटतो, ग्रुप तोच आहे ना?

सराफा_रात्र: ग्रुप तोच, लीड बदलला. आधी टोनी विल्यम्स. १९५५चं 'ओन्ली यू' लावा, सुरुवातीच्या 'ओ'वर आवाज उचकीसारखा तुटून परत वर जातो ना, ती खास त्याची जागा! १९६०ला तो सोलो करायला गेला नि सॉनी टर्नर आला. नंतरच्या रेकॉर्डवर लेबल म्युझिकॉर असेल तर टर्नरच.

छप्पनवाला: आणि टर्नरला कमी लेखू नका हं. बीटल्स आल्यावर डू-वॉपवाले, म्हणजे आवाजात आवाज मिसळून गाणारे कितीतरी ग्रुप पार मागे पडले, यांनी मात्र सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचा ठेका घेतला, १९६७चं 'विथ धिस रिंग' ऐकून पाय हलले नाहीत तर सांगा. मला तर हाच काळ जास्त आवडतो.

सराफा_रात्र: मान्य, पण पुढे नावावरून फार वाईट झालं. एकाच वेळी कितीतरी ग्रुप 'प्लॅटर्स' म्हणून स्टेजवर, वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. बेस गाणारा हर्ब रीड, अगदी सुरुवातीपासूनचा माणूस, स्वतःच्याच ग्रुपच्या नावासाठी म्हातारपणी भांडत होता, २०१२ला गेला. याचा मला खरंच राग येतो.

राजवाडाकर: लेबल बघितलं, म्युझिकॉरच! आज रात्री दोन्ही पाठोपाठ लावतो.