आय७-१२७०० साठी बोर्ड सुचवा, व्हीआरएमला किती फेज पुरतील? (मालवण)

खाडीकाठ:
लग्नाचे नि ड्रोनचे व्हिडिओ एडिट करायला मशीन जोडायचंय. प्रोसेसर आय७-१२७०० नक्की. दुकानदार व्हीआरएमवर (बोर्डावरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक, म्हणजे उष्णता काढणारी धातूची पट्टी, नसलेला स्वस्तातला एच६१० चिपसेटचा बोर्ड देतोय. वरचा बी६६० चिपसेटचा घेतला तर पैसे वाढतात. रेंडर तासन् तास चालतं, खोलीत एसी नाही, समुद्र जवळच. खरंच फरक पडतो का?

सोल्डरगन:
पडतो. या प्रोसेसरचे ६५ वॅट हा बेस आकडा, टर्बोत (जास्तीच्या वेगात) तो १८० वॅटपर्यंत जातो. साधारण १.२ व्होल्टला १८० वॅट म्हणजे १५० अँपिअर! एसएमपीएसकडून (पॉवर सप्लाय) येतात १२ व्होल्ट, ते इतके खाली आणायचं काम व्हीआरएमचं. हे काम समांतर शाखांत वाटतात, त्या फेज. दर फेजला वरचा-खालचा असे दोन मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच), ते चालवणारा ड्रायव्हर आणि एक चोक (तारेची गुंडाळी); पुढचे कपॅसिटर सगळ्यांचे सामाईक. पीडब्ल्यूएम कंट्रोलर नावाची चिप सिग्नल देऊन फेज आळीपाळीने चालवते, ६ असतील तर ६० अंशांच्या फरकाने. प्रत्येक फेज ५०० किलोहर्ट्झला स्विच होत असेल तर कपॅसिटरवरचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) ३ मेगाहर्ट्झचा होतो आणि बराच लहानही.

आता तापण्याचं गणित. ३ फेज असतील तर प्रत्येकीवर ५० अँपिअर, ६ असतील तर २५. रोधातला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणून तेच मॉसफेट धरले तर ६ फेजमध्ये हा तोटा एकूण निम्मा. फेज वाढवत नेल्या की स्विचिंगचा तोटा वाढतो, त्यामुळे १६ फेजचा बोर्ड तुम्हाला नकोच. ९० टक्के कार्यक्षमता धरली तरी १८० वॅट पुरवताना २० वॅट उष्णता सॉकेटशेजारच्या चिंचोळ्या पट्टीत साचते. मे महिन्यात, बिनहीटसिंकचा बोर्ड? क्लॉक (प्रोसेसरचा वेग) पडणारच. माझं मत: हीटसिंकवाला बी६६०, प्रोसेसरच्या कोअरसाठी खऱ्या ६ फेज, ५० अँपिअरचे डॉक्टरमॉस (दोन्ही मॉसफेट नि ड्रायव्हर एकाच चिपमध्ये). बास.

चोकमोजणी:
+१. फक्त "खऱ्या" या शब्दावर थांबा. खोक्यावरच्या "८+१+१" मधले सगळे चोक कोअरचे नसतात, आणि कोअरच्या ८ मध्येही बरेचदा एकाच सिग्नलवर दोन-दोन स्टेज (मॉसफेट-चोकचे संच) जोडलेल्या असतात. करंट वाटला जातो, म्हणून ती लबाडी नव्हे. पण आळीपाळी ४ चीच राहते. कंट्रोलरचा नंबर पाहून डेटाशीट काढा, किती सिग्नल देतो ते कळेल.

मालवणी_मल्टिमीटर:
खारो वारो विसरू नका रे! धुळीतलं मीठ दमट हवेतलं पाणी ओढतं, मग पिनांच्या मधून गळती आणि गंज. वीज काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल नि मऊ ब्रशने बोर्ड साफ करा, पूर्ण वाळल्यावरच चालू करा. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ चिकटते. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नका.

खाडीकाठ:
धन्यवाद मंडळी. बी६६० बजेटमध्ये बसलाच नाही तर?

सोल्डरगन:
मग बायोसमध्ये प्रोसेसरच्या विजेच्या मर्यादा बांधा: पीएल१ (सततची) ९० आणि पीएल२ (थोड्या वेळाची) १२० वॅटवर. रेंडर थोडा लांबेल, पण वेग एकसारखा राहील. कूलर वरून खाली हवा मारणारा घ्या, वाऱ्याचा झोत मॉसफेटवरही पडतो. वॉटरकूलर लावलात तर ती जागा वाऱ्याविना राहते, वेगळा पंखा लागेल. मग सिनेबेंच (प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी) ३० मिनिटं चालवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधली परफॉर्मन्स लिमिटची (वेग का अडला याची) कारणं बघा. प्रोसेसर ७० अंशांवर आणि तरी क्लॉक पडतोय, "व्हीआर थर्मल" पुढे "येस" दिसतंय, तर दोष कूलरचा नाही, व्हीआरएम तापतोय.

चोकमोजणी:
आणि सॉकेटजवळची ८ पिनची १२ व्होल्टची केबल क्लिक होईपर्यंत दाबा, फक्त ४ पिन लावून भागवू नका. १८० वॅटला तिथून १५ अँपिअर वाहतात, व्हीआरएमचा तोटा धरला तर १६ च्या पुढे. सैल पिन काळी पडते, प्लास्टिक वितळतं.